महासत्तेला खडे बोल

'महासत्तेचे पितळ उघडे!' असा मथळा देऊन गुरवसरांनी अग्रलेख हातावेगळा केला, तेव्हा जेमतेम वीस मिनिटं झाली होती. सातासमुद्रापलीकडच्या त्या श्रीमंत देशात वादळाने एक अख्खं शहर बुडालं होतं. जगभरची वर्तमानपत्रं त्या सरकारला झोडपत होती, मग आपल्या तालुक्याच्या दैनिकाने मागे का राहावं?

अग्रलेख इतक्या झटपट झाला, कारण तो तयारच होता. तीन वर्षांपूर्वी गावात पूर आला, तेव्हा सरांनी तो होडीतून हिंडून, डोळ्यांनी बघून लिहिला होता. पण त्याच आठवड्यात पालकमंत्र्यांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आली आणि मालकांनी लेख दाबला. सरांनी आज फक्त पालकमंत्र्यांच्या जागी राष्ट्राध्यक्ष बसवले आणि नदीचा समुद्र केला.

मालकांनी लेख वाचून सरांची पाठ थोपटली. "याला म्हणतात निर्भीड पत्रकारिता! असं लिहायला छाती लागते."

सरांनी जमेल तेवढी छाती फुगवली.

पान लावणाऱ्या शमीमचा हात मात्र मधेच थांबला. "सर, चार दिवस छपरावर शेळी कवटाळून बसलेली म्हातारी इथे तशीच राहिलीय."

"अरे देवा! त्या देशात कुठली शेळी? काढ, काढ ती म्हातारी."

"राहू द्या ना, सर," पडद्यावरची नजर न हलवता शमीम म्हणाली. "परदेशातली म्हणून का होईना, माझी अम्मी छापून तरी येईल."