सातवी मिठी

मालिकेतल्या मिठीच्या प्रसंगाचा सातवा टेक संपला. नायिका सेटवरच्या साउंड रेकॉर्डिस्टची बायको होती. तिच्या कॉलरखाली माईक त्यानंच लावला होता. कट झालं, तरी हेडफोन त्याच्या कानांवरच होता. मिठी सोडताना नायकानं तिला हळूच विचारलेलं त्याला ऐकू आलं, "दमलीस ना?" "खूप," ती म्हणाली. घरी रेकॉर्डिस्ट हेच विचारायचा तेव्हा ती "छे, कुठे काय!" म्हणून उडवून लावायची. आता कित्येक महिन्यांत त्यानं विचारलंच नव्हतं. "साउंड?" दिग्दर्शक ओरडला. रेकॉर्डिस्टला वाटलं, माईकवर कापड घासल्याचं सांगून ही मिठी बाद करावी. पण मग आठवी घ्यावी लागली असती. "ओके," तो म्हणाला. पॅकअपनंतर ती माईक काढून द्यायला आली. तिचे डोळे मिटत होते. आता दमलीस का विचारलं असतं, तर आपण ऐकलंय हे तिला कळलं असतं. "बॅटरी बंद केलीस?" त्यानं विचारलं.