दीड वाजताचा निरोप

प्रोग्रॅमर लेकीचा खाक्या एकच: जे काम दोनदा करावं लागलं, ते तिसऱ्यांदा कॉम्प्युटरच्या माथी मारायचं. टेस्टिंग, बॅकअप, रिपोर्ट, सगळं तिच्या चिमुकल्या प्रोग्रॅमांवर आपोआप चालायचं. कीबोर्डला तर ती इतकी जपायची, की शेजारी चहाचा कपही खपायचा नाही. आई पहिल्यांदाच राहायला आली होती. बरोब्बर दीड वाजता आईचा फोन किणकिणला: ‘पोटभर जेवले गं आई!’ आईनं लेकीचा मेसेज वाचला, मग समोर पाहिलं. लेक कामात बुडालेली, ताट झाकलेलंच. “अगं, तो... रोज आपोआप जातो,” लेक ओशाळली. “म्हणजे वर्षभर येतोय तो असाच?” आई हसली. “आणि मी खुळी, तो आल्यावरच पान वाढून घेते!” लेकीनं ताट उघडलं, पहिला घास आईला भरवला. मग तो प्रोग्रॅम शोधला. ‘कायमचा पुसायचा?’ स्क्रीननं विचारलं. तिनं खरकट्या बोटानंच ‘हो’ दाबलं.