बाबांचं जहाज

बिट्टी आणि ढमी, दोघींचेही बाबा जहाजावर कामाला. वर्गात रोज कडाक्याचं भांडण. बिट्टीच्या बाबांच्या जहाजावर पोहायचा तलाव, तर ढमीच्या बाबांच्या जहाजावर चांगले दोन हत्ती! माघार घेईल ती बिट्टी कसली आणि ढमी तरी कसली?

सुट्टीच्या दिवशी तुरुंगाच्या दारात, भेटीच्या रांगेत आईचा पदर धरून उभ्या बिट्टीने सहज मागे पाहिलं. मागे ढमी, आजीबरोबर. बिट्टीने झटकन पदरात तोंड लपवलं. आता वर्गभर बभ्रा!

ढमीने उंच भिंत पाहिली, दारावरचा मिशाळ शिपाई पाहिला आणि ती बिट्टीच्या कानाशी लागली.

"तो कप्तान का गं?"

बिट्टीचा जीव भांड्यात पडला.

"हो. आणि तुझे हत्ती रोज आमच्याच तलावात डुंबतात."