हवेनं काढलेला काठ

पहाटे धूर गल्लीत उतरला, तसं चंद्रव्वानं ओलं लुगडं दोरीवर टाकलं. इतर बायका त्याच वेळी आपली धुणी घाईघाईनं घरात नेत होत्या.

एकतीस सालचा माघ होता. थंडीत सोलापूरची हवा पहाटे हलतच नसे. गिरणीचं धुराडं पूर्वेला, उंचवट्यावर. ही गल्ली खाली, खोलगटात. धूर वर जायला निघे, गारठे आणि मुकाट खाली येऊन बसे. मग गल्ली जमिनीपासून सुटल्यासारखी वाटे. घरं नसत, नुसती दारं तरंगत. शेजारच्या बिरप्पानं एकदा म्हशीला रामराम घातला. ती खोकली. "काढा घ्या, मामा," असं सांगून तो पुढं गेला.

बजाबाईच्या घरात माणसं दोनच, ती आणि तिची विशीतली सून चंद्रव्वा. दोघी विधवा. विधवेनं पांढरंच नेसायचं, हा त्या घरचा रिवाज. सासूचा त्यात जन्म गेला होता, सुनेचं दुसरं वर्ष चाललं होतं. दिवसभर दोघी विणकरांसाठी कांड्यांवर सूत भरत. लाल, हिरवं, जांभळं सूत बोटांतून जाई आणि विणकरांकडं निघून जाई.

पण ओल्या लुगड्यावर काजळी बसली की उन्हं येईपर्यंत ते पारव्याच्या पाठीसारखं होई. धुतलं की पुन्हा पांढरं. रंग नेसायला बंदी होती. हवेला कोण बंदी घालणार? पुढं चंद्रव्वाचा हात बसला. लुगडं दुहेरी घडी घालून फक्त कड बाहेर ठेवली, की तिथं गडद काठ उमटे.

एका सकाळी बजाबाईनं तो काठ चिमटीत धरला.

"हे कुणी काढलं?"

"हवेनं, आत्याबाई."

"हवेला येवढी सरळ रेघ येती व्हय?"

तेवढ्यात बजाबाईला दम्याची उबळ आली आणि ती खोकत आत गेली. धुरानं तिची छाती माघभर भात्यासारखी वाजे. चंद्रव्वाला ते ऐकवत नसे. सुनेच्या अंगावरचा रंग आणि सासूच्या छातीतली घरघर एकाच धुराड्यातून येत होती.

मग चैत्र आला आणि धुराची बदली झाली. वारा पश्चिमेकडून सुटला. सगळा धूर गिरणीपलीकडच्या वस्तीवर जाऊ लागला. तिकडची माणसं खोल्या सोडून इकडच्या नातेवाइकांकडं राहायला आली. गल्लीत आभाळ दिसू लागलं. ते एवढं मोठं असेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. बजाबाईचा श्वास मोकळा झाला. रात्रभर भिंतीला टेकून बसणारी म्हातारी आडवी होऊन झोपू लागली.

चंद्रव्वाचं लुगडं पांढरंफेक वाळू लागलं. तिनं तक्रार केली नाही. सासूला श्वास आला म्हणून वाईट वाटलं, असं कुणाला सांगता येत नाही. फक्त कांडी भरता भरता तिचा हात थांबे, आणि लाल सुताचं टोक धरून ती नुसतीच बसून राही.

बजाबाईनं काही दिवस ते पाहिलं. मग तिनं लालसाब टांगेवाल्याला हाक मारली, टांग्यात कांड्या भरायचा रहाट, ट्रंक आणि सून चढवली, आणि म्हणाली, "गिरणीच्या पलीकडं घे."

लालसाबनं घोड्याकडं पाहिलं. घोड्यालाही पटलेलं दिसत नव्हतं.

"अम्मा, सब लोगां धुएं से भागते, तुम धुएं के पिच्छे भागते?"

"आत्याबाई, तितं तुमचा दम..." चंद्रव्वा म्हणाली.

"तितं खोल्या रिकाम्या हायत," बजाबाई म्हणाली. "हाक रं घोडं."

नव्या खोलीत चंद्रव्वाला रात्रभर सासूची छाती ऐकू येत होती. हे आपल्यापायी झालं, हे तिला कळत होतं. उद्या धुरात लुगडं टाकायचं नाही, घरातच वाळवायचं, आणि परवा म्हातारीला घेऊन परत जायचं, असं ठरवूनच तिनं डोळे मिटले.

उजाडताना जाग आली, तर सासूचं अंथरूण रिकामं. ती धावत बाहेर आली. वाऱ्याबरोबर धूर छपरांना घासत वाहत होता आणि सगळी वस्ती त्याच्याबरोबर हळूहळू कुठंतरी निघाल्यासारखी दिसत होती. मधोमध, दोरीपाशी, बजाबाई खोकत उभी होती. हातात स्वतःचं ओलं लुगडं.

"नुसती बघत काय उभी राहिलीस?" ती म्हणाली. "घडी कुटं घालायची ते सांग की. मला चांगला रुंद काठ पायजे."