स्वागताचा फोन

बुधवारा बाजारातल्या साडीच्या दुकानाची वेबसाइट ऋषिकेशने बनवली होती. कोणी नवीन नाव नोंदवलं, की वेबसाइट आतून सिग्नल द्यायची आणि त्या नंबरवर स्वागताचा फोन आपोआप जायचा. फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज त्याच्या बायकोचा, दीपालीचा होता.

दीपाली वारली. महिन्याभराने दुकानाचे शेठ चाचरत म्हणाले, "ऋषीभाऊ, आता तो आवाज बदलून द्या ना. ऐकून अच्छा नाही वाटत."

ऋषिकेशने "हो" म्हटलं. दुसऱ्या बाईचा आवाज लावला, फोन नीट जातोय ना ते तपासलं आणि जेवायला बसला. भाजीत मीठ नव्हतं, हेही त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी खकनारहून दीपालीच्या वडिलांचा फोन आला.



"जावईबापू, आज परत नवीन नावानं नोंदणी केली मी, पण आमची पोरगी बोललीच नाही."