एकोणीस टक्के

पेटीच्या पडद्यावर १९ आकडा होता.

बाबा तंबूच्या दाराशी उकिडवे बसून तो बघत राहिले. मग त्यांनी बटण दाबून पडदा विझवला आणि पुन्हा लावला. एकोणीसच.

"कुणी वापरली?"

मुलीने तोंडातला ब्रश काढला. "मी नाही."

"एकतीस होते. आईने एकतीसपर्यंत भरली होती. बारा कुठे गेले?"

"मी हातसुद्धा लावला नाही, बाबा. शप्पथ."

दुकानात जिला पॉवर स्टेशन म्हणतात ती ही पेटी, म्हणजे एक मोठी बॅटरी. जिथे वीज नाही तिथे जाऊन राहायचं म्हणून आईने हौसेने घेतली होती, सोबत घडीचं सोलर पॅनेल. घरच्या गॅलरीत एका दुपारी तिने ती उन्हावर भरायला लावली. ढग आले. राहिलेली उद्या भरू, म्हणाली. तिला जाऊन आता अकरा महिने झाले होते.

तलावावरून वारा येत होता. स्पिरिटचा स्टोव्ह तीनदा विझला होता आणि चहाचं पाणी अजून कोमटही झालं नव्हतं.

"कुणी नाही वापरली," घडीच्या खुर्चीतून आजोबा म्हणाले. ते आईचे वडील. शाळेत चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी नीट पटवून दिलं नव्हतं. "ती आपोआप उतरते."

"बंद असताना?"

"बंद असताना." ते मुलीकडे वळले. काही समजावून सांगायचं तर त्यांना समोर मूल लागायचं. "मास्तरीणबाई, वाढदिवसाचा फुगा आठवतो? कपाटावर राहिलेला?"

"सुरकुतला होता."

"कुणी फोडला होता?"

"कुणी नाही."

"गाठ सुटली होती?"

"नाही." तिने विचार केला. "तरी हवा गेली."

"तसं."

"मला फुगे नका सांगू," बाबा म्हणाले.

"बरं. आकडे सांगतो. महिन्याला एक टक्का, फार तर सव्वा. तुम्ही कपाटात ठेवा नाहीतर उशाशी घेऊन झोपा, तो जाणार. पुढच्या वर्षी या सुमाराला सहा-सात उरतील. मग शून्य. आणि शून्यावर पडून राहिली की पेटीच कामातून जाते. मग तिला कितीही ऊन दाखवा."

"म्हणून मला न विचारता डिकीत टाकलीत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

"नाहीच म्हणालो असतो."

स्टोव्ह चौथ्यांदा विझला. पेटीवर विजेची किटली लावली असती तर चहा एव्हाना पिऊनही झाला असता.

"आत सगळं मिसळणार ना?" बाबांनी विचारलं. "तिने भरलेलं आणि आजचं."

"मिसळणार."

"मग वेगळं..."

"नाही काढता येत."

मुलगी चूळ भरून आली. तोंड पुसता पुसता म्हणाली, "असं धरूया ना, एकोणीस खाली राहतील. आजचे त्याच्यावर येतील. आपण फक्त वरचेच वापरायचे. एकोणीस आले की बंद."

आजोबांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

बाबांनी पॅनेलच्या पिशवीची चेन उघडली आणि वायर तिच्या हातात दिली.

तिने पॅनेल तलावाच्या बाजूला, उन्हाकडे तोंड करून उभं केलं. मागे पाण्याच्या बाटलीचा टेकू दिला. वायर पेटीत खोचली. पडद्याच्या कोपऱ्यात दुसरा एक आकडा उगवला. ५८.

"हे वॅट. इतकं ऊन आत येतंय," आजोबा म्हणाले. "आता एका कोपऱ्यावर हात धर."

तिने हात धरला. आकडा घसरून १४ वर आला.

"एवढ्याशा सावलीने?"

"एवढ्याशा सावलीने. आतले तुकडे एकामागे एक जोडलेले असतात, रांगेतल्या मुलांसारखे. एक अडला की सगळे अडतात. म्हणून पॅनेलसमोर कुणी उभं राहायचं नाही. काय?"

"कुणी उभं राहायचं नाही."

तिने हात काढला. ५८. मग ती बाबांना खेटून पेटीसमोर बसली. दोघं १९ कडे बघत राहिले. आजोबाही मान लांब करून बघत होते.

"आता वीस होईल," मुलगी म्हणाली. "चारपाच मिनिटं लागतात, हो ना आजोबा?"

आजोबा उठले. गुडघे मोकळे करायला चार पावलं चालावं तसे तलावाच्या दिशेने गेले आणि थांबले. त्यांची पाठ तंबूकडे होती. वाऱ्याने सदरा फडफडत होता.

कोपऱ्यातला आकडा ६ झाला.

"आजोबा, तुमची सावली पडतेय."

"हो."

"पॅनेलवर पडतेय. सरका ना."

"हो, बाळा."

पण ते सरकले नाहीत, पाण्याकडेच बघत होते. हात मागे बांधलेले, वर्गात मुलं पेपर लिहीत असताना उभे राहायचे तसे. मुलगी उठायला लागली तेव्हा बाबांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

पेटीवर अजून आईचे १९ होते. बाबांनी काडेपेटी उचलली आणि पुन्हा स्टोव्ह पेटवायला घेतला.