वीतभर कमी

“वीतभर कमी कर,” अप्पा म्हणाले.

मुलीची कात्री थांबली. तिच्या शिवणकामाच्या दुकानातलं टेबल अपुरं पडलं, म्हणून तिने फरशी पुसून त्यावरच केशरी सुती कापड अंथरलं होतं.

“वीतभर? अहो, दादा केवढा ताडमाड आहे, विसरलात का?”

“मी काही विसरलेलो नाही. परवाच्या कार्यक्रमात भन्तेंचे उपकार मानायचेत, त्यासाठी नवं चीवर हवंय. माप मी सांगतोय ते घे.”

तीस वर्षं हेडमास्तरकी केलेल्या माणसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. ती “बरं” म्हणाली. पण मनातून तिला नाचावंसं वाटत होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा अप्पांच्या तोंडून उपकार हा शब्द निघाला होता!

बारा वर्षांपूर्वी तिचा दादा चांगली नोकरी सोडून भिक्खू झाला. विहारात सगळे त्याला वंदन करत होते, तेव्हा अप्पा भर सभेत म्हणाले, “बापाने पोरापुढे डोकं टेकायचं? या जन्मी नाही.” आणि तरातरा निघून गेले. त्यानंतर त्याच्याशी चकार शब्द नाही. दादाची पत्रं यायची, ती न उघडता कपाटात जायची. आई वाट बघून बघून गेली. जाताना तिने मुलीकडून एकच वचन घेतलं होतं, दोघांना एकदा समोरासमोर आणायचं. मुलीने सात वर्षं डोकं आपटलं, पण अप्पा ढिम्म.

आणि आता कापड घेऊन स्वतःच दारात!

तसे गेले काही महिने अप्पांचं काहीतरी बिनसलंच होतं. रोज सकाळी विहारात जायचे, म्हाताऱ्या भन्तेंशी वाद घालायला. दुपारी बाराच्या आत जेवायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्यावर. गादी सोडून सतरंजीवर झोपायला लागले. पुस्तकांची पोती शाळेला देऊन टाकली आणि मनगटावरचं घड्याळ जावयाला.

“रिपोर्ट लपवताहेत,” नवरा म्हणाला होता. “म्हातारी माणसं सांगत नाहीत.”

तिने लगेच अप्पांना गाठलं होतं. विचारलं तर अप्पा म्हणाले, “ठणठणीत आहे मी. तू मशीनकडे लक्ष दे.”

म्हणजे उशीर करून चालणार नव्हतं. दादाही लांबच्या विहारातून खास या कार्यक्रमासाठी येत होता.

ती शिवायला बसली. भिक्खूंचं चीवर म्हणजे अखंड कापड नव्हे. तुकडे कापायचे, जोडायचे, प्रत्येक शिवण दुमडून पक्की करायची. हे सगळं तिने मन लावून केलं. मापाचं मात्र अप्पांचं ऐकलं नाही. गिऱ्हाईक बोलतं एक आणि अंग असतं दुसरंच, हे तिने दुकानात रोज पाहिलं होतं. बारा वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याची उंची अप्पांच्या काय लक्षात राहणार? तिने दादाच्या उंचीचंच शिवलं.

अप्पांनी घडी न उलगडता वरूनच हात फिरवला. “शिवण सुरेख आहे,” म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा कौतुक! तिने घाईघाईने इस्त्री पुसायला घेतली.

कार्यक्रमाच्या दिवशी अप्पा पहाटेच निघून गेले. ती नवऱ्याबरोबर पोचली तेव्हा विहाराचं सभागृह भरलं होतं. एकेक जण उठून भिक्खूंचे आणि गुरुजनांचे आभार मानत होता. एक आजीबाई म्हणाल्या, “यांनी मला सत्तरीत वाचायला शिकवलं. आता सून काय लिहिते ते कळतं!” सगळे हसले. एक ट्रकड्रायव्हर दारू सुटल्याचं सांगता सांगता रडायलाच लागला.

दादा भिक्खूंच्या रांगेत चौथा बसला होता, वाळलेला पण प्रसन्न. त्याच्या अंगावर जुनं, विटलेलं चीवर होतं. नवं दिलेलंच नव्हतं!

तिने मागे वळून पाहिलं. अप्पांची खुर्ची रिकामी.

“पळाले,” ती दातओठ खात म्हणाली. “ऐनवेळी पळाले. आईला मी काय तोंड दाखवू?”

“शू,” नवरा म्हणाला.

म्हातारे भन्ते बोलायला उभे राहिले. “आज पहाटे एकाची दीक्षा झाली. आमच्यात वय बघत नाहीत. ज्याने चीवर आधी घेतलं तो मोठा. तेव्हा हे नवे श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, सगळ्यांत धाकटे. त्यांनाही आभार मानायचेत.”

बाजूच्या दारातून एक बुटका माणूस आला. डोक्याचा ताजा गोटा, मान खाली. चीवर वीतभर लांब झालेलं, दोन्ही मुठींत वर धरलं तरी मागे फरशीवर लोळत होतं. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. कुठल्या अडाण्याने शिवलंय हे, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी तिने त्यावरची शिवण ओळखली.

श्रामणेरांनी पहिल्या तिघांना वंदन केलं. मग चौथ्यासमोर ते गुडघ्यांवर बसले, कपाळ तीनदा जमिनीला टेकवलं आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा हेडमास्तरी आवाजात म्हणाले, “भन्ते, मला शिकवा.”